दोरवाली

जनावरांच्या दवाखान्यात नमुने गोळा करणं हे तिचं काम, पण डुकरं पाळणारे सगळे तिला दोरवालीच म्हणायचे. शेडच्या गजाला ती जाड सुती दोर बांधायची आणि बाजूला उभी राहायची. डुकरं धावत येऊन दोर चघळत बसायची. मग तो पिळून निघालेली लाळ ती नळीत भरायची नि तपासणीला धाडायची. जनावर आजारी दिसायच्या आधीच कळपात काय शिरलंय ते त्यातून कळायचं.

"रस्त्यावर माणूस थुंकला तर दंड, आणि हिला डुकरांच्या थुंकीचा पगार," तिचा धाकटा भाऊ येईल त्याला सांगायचा. त्याचं स्वतःचं शेड घराच्या मागेच होतं.

त्या वर्षी पलीकडच्या मुलखातून डुकरांचा एक ताप येत असल्याची बातमी आली. त्याला औषध नव्हतं, लसही नव्हती. ती दारोदार फिरली. "एक जनावर जरी खाईनासं झालं तरी लपवू नका. लवकर कळलं तर कळप वाचतात," असं घसा बसेपर्यंत सांगत राहिली.

पहिला फोन भावाचाच आला.

"ताई, एक मादी सकाळपासून उठत नाही. कान लालसर-निळे दिसतायत. काही नसेल, पण तू म्हणाली होतीस म्हणून सांगितलं."

डॉक्टरांना घेऊन ती तशीच निघाली. बाकीची डुकरं नेहमीसारखी दोरावर तुटून पडली, पण त्या मादीने मानसुद्धा वर केली नाही. डॉक्टरांनी तिचं रक्त घेतलं. तपासणीत तोच ताप निघाला.

नियमाप्रमाणे भावाचा सगळा कळप मारायचा होता, आणि आसपासच्या शेडांमधलासुद्धा. भावाला सांगायचं काम तिने डॉक्टरांवर टाकलं नाही.

"बाकीची धडधाकट आहेत गं," भाऊ म्हणाला. "तूच म्हणायचीस ना, लवकर कळलं तर वाचतात?"

"दुसऱ्यांची वाचतात," ती म्हणाली. हे आपण त्याला आधी कधीच सांगितलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

पांढरे झगे घातलेली माणसं आली. अनोळखी माणसं बघून डुकरं बिथरली, कोपऱ्यात एकमेकांवर चढू लागली. कोणी कप्प्याबाहेर येईना. डॉक्टर तिच्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "तुला ओळखतात ती." तिने पिशवीतून दोर काढला आणि पुढे चालू लागली. सगळी मुकाट्याने तिच्यामागून आली. स्वयंपाकघराच्या खिडकीत भावजय उभी होती. तिने खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची शेडं रिकामी झाली. "तुझ्या एका फोनने आमचं वाटोळं झालं," शेजारी भावाच्या फाटकाशी येऊन म्हणाला.

त्यानंतर तिला कोणाचाच फोन आला नाही. जिथे जाई तिथे एकच उत्तर, "आमच्याकडे सगळं ठणठणीत आहे." कोणी मेलेली जनावरं गुपचूप पुरली, कोणी आजारी दिसायच्या आत ट्रकमध्ये घालून बाजारात नेली. ट्रक गेले तिथे ताप पोचला.

"आपण वेळेवर पकडला होता," डॉक्टर एकदा जेवताना म्हणाले.

"हो," ती म्हणाली, आणि डबा तसाच बंद केला.

भाऊ एका गोदामात माल चढवायच्या कामाला लागला. ती भेटायला गेली तेव्हा तो तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. "तुझी चूक नाही, ताई. पण घरी नको येत जाऊस. हिला सहन होत नाही." ती बरं म्हणाली. तिला स्वतःलाच ते घर सहन झालं नव्हतं.

वर्ष सरायच्या आत त्या भागात डुकरं जवळपास उरलीच नाहीत. रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हातारीकडे तेवढी चार होती. तिने मात्र फाटक उघडलं.

"बांध तुझा दोर. पण जे निघेल ते आधी मला सांगायचं, मग तुझ्या साहेबाला."

ते नियमात बसत नव्हतं. ती हो म्हणाली.

निघायचं तेच निघालं. सकाळीच जाऊन तिने सांगितलं. म्हातारीने मोठं पातेलं काढून घरातले होते नव्हते ते सगळे बटाटे उकडायला ठेवले.

"पोटभर खाऊ देत," ती म्हणाली. "मग कर फोन."

दोघी पातेल्याशेजारी बसून राहिल्या. बटाटे शिजले, निवले. म्हातारीने ते स्वतःच्या हाताने सोलून कुस्करले आणि पाटी उचलून ती शेडकडे गेली. पाटी रिकामी होऊन परत आली तेव्हा दोरवालीने डॉक्टरांना फोन लावला.