न शिवलेला खण

सुपडू गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी अंगणात पेपर वाचत बसलो होतो. त्याचा चुलत पुतण्या ज्ञानेश्वर एवढंच म्हणाला, काका पहाटे गेले, दुपारी दोनला काढणार आहोत. मी पाचोऱ्याला निघालो. एसटीत खिडकीशी बसून आठवत राहिलो की आमची शेवटची भेट कधी झाली, आणि त्या भेटीतही जे बोलायचं होतं ते मी बोललो नव्हतो... त्याला जाऊन आज दीड महिना झाला. आता लिहितो आहे, तेही हळूहळू.

आम्ही एकाच गल्लीत वाढलो. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मताच त्याला सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. त्याची आई लवकर गेली. मग तो आमच्या घरी जेवायला असे, माझ्या आईच्या हातच्या कळण्याच्या भाकरीवर मोठा झाला. सतराव्या वर्षी तो तमाशात शिरला. आमच्याकडच्या तमाशात बायांची कामं पुरुषच करत, आणि सुपडूच्या चालण्याला, पदर सावरण्याला तोड नव्हती. पंचक्रोशीत लोक त्याला सुपडाबाई म्हणत. कौतुकानं म्हणत आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावानं टिंगलही करत.

एका जत्रेत त्याचा तमाशा आमच्या गावी होता. वग संपता संपता उजाडलं. गाडी निघायला वेळ होता, म्हणून तो तसाच, लुगडं नेसलेला, आईला भेटायला आला. मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होतो, सुटीत दोन मित्रांना गाव दाखवायला घेऊन आलो होतो. आईनं त्याला पाटावर बसवलं, चहा दिला. तो निघाला तसं तिनं कुंकवाचा करंडा आणला, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओटी भरली... सुपातले गहू, नारळ आणि हिरव्या रंगाचा एक खण. सासरी निघालेल्या लेकीची भरावी तशी. सुपडूनं दोन्ही हातांनी पदर पसरला होता. मान खाली होती.

मित्र माझ्याकडे बघून हसायला लागले. मला लाज वाटली. मी मोठ्यानं म्हणालो, "माय, तू कोननी वटी भरी राहिनी? हाऊ सुपडू शे."

आईनं मागे वळूनही पाहिलं नाही. "माले दिखस," म्हणाली.

पण तोवर सुपडूनं अंगठ्यानं कुंकू पुसलं होतं. गहू आणि नारळ त्यानं सुपात परत ठेवले, आईच्या पाया पडला आणि गेला. खण तेवढा त्याच्या हातात राहिला.

पुढे मी ग्रंथपाल झालो, संसारात पडलो. तमाशा बंद पडल्यावर त्यानं पाचोऱ्यात स्टेशनकडच्या रस्त्याला, पुतण्याच्या अंगणालगत, ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं. लग्न केलं नाही. आमचं येणंजाणं पुन्हा सुरू झालं, पण त्या सकाळचा विषय दोघांनीही काढला नाही. एकदा शिलाई मशीनखालच्या पत्र्याच्या पेटीतून तो काही शोधत होता, तेव्हा कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळलेला तो खण मला दिसला. सगळ्या गावाचे ब्लाउज शिवणाऱ्यानं हाच एक खण कात्री न लावता ठेवला होता. का शिवला नाहीस, मी विचारलं. त्यानं सुईत दोरा ओवला. मग म्हणाला, "मायनी वटी भरी व्हती, भाऊ. तुम्हीन एक शब्दमा रिकामी करी टाकी." आवाजात राग नव्हता. चहा घेणार का, असं त्यानं लगेच विचारलं, आणि मी हो म्हणालो.

अलीकडे त्याच्याकडे जळगावचा आकाश येऊ लागला. पहिल्यांदा आला तो बहिणीसाठी ब्लाउज शिवायचा आहे असं सांगत. सुपडूनं चष्म्यावरून बघितलं. "बहीण तुनाच मापनी शे का? मंग हात वर कर." दोघंही हसले म्हणे. हा मुलगा पुण्या-मुंबईत बाईच्या वेशात रंगमंचावर उभा राहतो, त्याला ती मुलं ड्रॅग म्हणतात. सुपडू त्याला नऊवारी नेसायला शिकवी, टाच आधी टेकव म्हणून ओरडे. एकदा माझ्यासमोरच आकाशनं विचारलं, "आबा, तुम्हाला त्या वयात कळलं होतं, आपण कोण आहोत ते?" सुपडू म्हणाला, "माले माहीत व्हतं. कोनी इचारंच नही."

मी तिथेच बसलो होतो. तेव्हाही विचारता आलं असतं.

मी पोचलो तेव्हा त्याला पांढरा सदरा घालून, धोतर नेसवून अंगणात ठेवलं होतं. आकाश आणि त्याचे दोन मित्र फाटकापाशी उभे होते. आकाश पुढे येऊन हलक्या आवाजात म्हणाला, आबांना कुंकू लावू द्या. भाऊबंदांची कुजबुज सुरू झाली. ज्ञानेश्वर गोंधळला आणि माझ्याकडे वळला, "भाऊ, तुम्ही शिकेल मानूस, तुम्ही सांगा." मला समोर दुकानाचं उघडं दार दिसत होतं, मशीन दिसत होतं, त्याखालची पेटी दिसत होती. पेटीत काय आहे ते त्या गर्दीत मला एकट्यालाच माहीत होतं. आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही...

शेवटी ज्ञानेश्वरची बायको मनीषा घरातून करंडा घेऊन आली. "भाऊले काय इचारतस? मना समदा ब्लाउज त्यासनीच शिवात," म्हणाली, आणि वाकून तिनं सुपडूच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. कुणी अडवलं नाही. तेवढ्यात मी दोन पावलं चालून तो खण आणू शकलो असतो. सुपडू गेला तो ओटी रिकामी घेऊन.

दहाव्याला मनीषानं तो खण माझ्या हातात दिला. पेटी आवरताना सापडला, कोणाचा ते तुम्हाला माहीत असेल, म्हणाली. आता तो माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. घडीच्या कडा विटल्या आहेत, आतला हिरवा रंग तसाच आहे. काल बायकोनं कपाट झाडताना जुना पाला झटकला आणि विचारलं, हा खण कोणाचा?

"सुपडाबाईचा," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. अंगणातल्या कडुनिंबाची ताजी डहाळी तोडून आणली, पानं खणात घातली, आणि घडी होती तशीच मिटली.