समास नसलेला फॉर्म

रविवारची दुपार. जेवण अंगावर आलं आहे, चौकशीचा अहवाल छातीवर उघडा आहे आणि माझे डोळे मिटत आहेत. माझी सही तेवढी बाकी. 'चूक कोणाची' या चौकटीत प्रफुल्ल तायडेचं नाव आहे. तो आमच्या इस्पितळात केसपेपर संगणकात भरतो. संध्याकाळी अहवाल गेला की उद्या त्याची नोकरी जाईल.

"सर, किती?"

मिटिंगच्या खोलीत खानझोडेबाई बसल्या आहेत. तीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळली आणि गेल्या महिन्यात आमच्याच इस्पितळात वारल्या; चौकशी त्याचीच. हातात त्याच चिठ्ठ्या. नवा फॉर्म आखताना आम्ही एकेक बाब एकेका चिठ्ठीवर लिहायचो आणि ठरवायचो, ही एका पेशंटला किती वेळा येऊ शकते? जन्मतारीख एकदा. तपासण्या कितीही.

बाई 'न चालणारं औषध' ही चिठ्ठी पुढे सरकवतात.

"एक," मी म्हणतो. तेव्हाही हेच म्हणालो होतो.

"मले दोन चालत नव्हते, सर."

"अपवादासाठी आराखडा बदलत नाहीत, बाई." स्वप्नातही माझा शहाणपणा सुटत नाही.

टेबलाचा पलंग झालेला आहे. त्यावर बाई आडव्या, उशाशी मी कीबोर्ड घेऊन. पेनिसिलिन भरतो. दुसरं औषध भरायला जातो, तर पेनिसिलिन पुसलं जातं. ते पुन्हा भरतो, दुसरं जातं. नर्स त्याच दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन भरते आहे.

"थांबवा तिले."

"फॉर्ममध्ये दिसत नाही ना ते."

बाई हसतात. "तायडेनं तुम्हाले फोन केला होता, सर. काय म्हणाले तुम्ही?"

"जेवढं बसतं तेवढं भर."

"मंग?"

मी पुन्हा पेनिसिलिन भरतो. बाईंचे ओठ सुजतात, मग डोळे. आवाज मात्र तसाच, रेकॉर्ड रूममधला.

"जुन्या कागदाले समास होता. जे कुठंच बसे नाही, ते मी तिथं लिहू. तुम्ही म्हणाले, समासानं शिस्त बिघडते."

"बाई, मला माफ करा."

"माफी कुठं भरू, सर? रकाना नाही." त्या माझ्या बोटांत पेन कोंबतात. पकड इतकी घट्ट की मी ओरडतो.

जाग येते. पेन खरंच मुठीत आहे. अहवालाच्या चौकटीत प्रफुल्ल तायडे आहे तसाच आहे. शेजारी, समासात, माझ्याच अक्षरात निळ्या शाईनं लिहिलं आहे: श्रीरंग ठोसर.

माझ्याच नावाकडे मी खूप वेळ बघत बसतो. लाज वाटते, खोटं कशाला बोलू. मग सही करतो आणि कागद स्कॅनरवर ठेवतो. स्कॅन होताना समास कापला जातो. ती सोय मीच करून ठेवली आहे.