तळहाताने निवडलेले स्पीकर

पहाटे चारला माझ्या मित्राचा, रेडिओचा, दिवस सुरू व्हायचा. कारखान्याच्या हॅमर शॉपमध्ये, म्हणजे घणखात्यात, होता तेव्हाही चारला, आणि निवृत्त होऊन बस डेपोत गाड्या धुवायला लागला तेव्हाही चारलाच. गजर लावावा लागत नाही, याचा त्याला मोठा अभिमान. गजर लावला असता तरी तो त्याला ऐकू आला नसता. ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

बस धुणे लोकांना सोपे वाटते. तसे ते नाही. आधी टप, मग काचा, मग बाजू, शेवटी चाके. हा क्रम मोडला की वरची घाण खाली उतरते आणि काम दोनदा करावे लागते. लांब दांड्याचा ब्रश भिजला की जड होतो, सगळा भार खांद्यावर येतो. साबणाच्या पाण्याने बोटांना चिरा पडतात, त्या रात्री ठणकतात. बाकीची माणसे खालूनच पाइपाने पाणी मारून मोकळी होत. रेडिओ शिडी लावून टपावर चढायचा.

"वर कोण बघायला येतंय?" मी एकदा विचारले.

"मी येतो की," तो म्हणाला.

एवढा आटापिटा कशासाठी, तर घरात टीव्हीला जोडायच्या स्पीकरसाठी. पोटाला पेन्शन पुरत होती. स्पीकरला पुरत नव्हती.

त्याला रेडिओ हे नाव आम्हीच दिले. तो घण चालवायचा, मी भट्टीवर होतो. मी तापलेला लोखंडाचा ठोकळा सांडशीने धरून घणाखाली द्यायचा आणि त्याने तो ठोकायचा. जेवणाच्या सुट्टीत तो रविवारी पाहिलेला सिनेमा सांगायचा. नुसती गोष्ट नाही. नायकाचा आवाज वेगळा, खलनायकाचा वेगळा, म्हाताऱ्या आईचा थरथरता. दार करकरले तर तेही करून दाखवायचा. भोंगा वाजला तरी आम्ही उठायचो नाही. मुकादम कमरेवर हात ठेवून दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "नालायकांनो, उठा. आणि रेडिओ, ती पोरगी शेवटी कुणाला मिळते तेवढं सांगून टाक."

घरीही तेच. मुले लहान असताना वहिनींना सिनेमाला जाता यायचे नाही. हा एकटा जाऊन यायचा आणि वहिनी भांडी घासत असताना ओट्याला टेकून सगळा सिनेमा सांगायचा. "नंतर मी पडद्यावर बघितले त्यातले काही," वहिनी मला म्हणाल्या होत्या. "भाऊजी, ह्यांनी सांगितलेलेच चांगले होते."

हॅमर शॉपमध्ये मात्र घण चालू असताना ओरडून काही उपयोग नसे. आम्ही आवाजच काढायचो नाही. तोंडासमोर तोंड आणायचे आणि ओठ हलवायचे. समोरच्याला सगळे कळायचे, शिवीसुद्धा. हे कुणी शिकवले नाही, अंगात भिनले. कंपनीने कानात घालायला बोळे दिले होते. ते घातले की घणाचा चुकलेला ठोका कळत नाही, म्हणून कुणी घालत नसे. रेडिओ त्यांनी सायकलची साखळी पुसायचा.

दुसरीही एक सवय तिथलीच. साचा सैल झाला किंवा बोल्ट तडकला, तर ते त्या गोंगाटात आधी तळहाताला कळते. रेडिओ घणाच्या खांबावर हात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "डावीकडचा ढिला आहे." उघडून बघितले की डावीकडचाच ढिला निघायचा. हाताला जे लागत नाही ते खरे नाही, असा त्याचा हिशेब होऊन बसला.

निवृत्त झाल्यावर तो आणि वहिनी रोज संध्याकाळी टीव्हीपुढे बसू लागले. आता मुले आपापल्या घरी, भांडी दोघांची, सिनेमे घरात. सुखाचे दिवस आले म्हणायचे. पण रेडिओची तक्रार सुरू झाली.

"हल्लीचे नट पुटपुटतात रे. तोंड इकडं असतं तोवर ठीक. पाठ फिरवली की आवाजच जातो."

दुसऱ्या भाषेतला सिनेमा आपल्या भाषेत करून लावला की तो चिडायचा. त्यात ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरेच. त्याला एक अक्षर कळायचे नाही. "काय म्हणाला?" तो वहिनींना विचारायचा. वहिनी सांगायच्या. तोवर पुढचे वाक्य निघून जायचे. "आता काय म्हणाला?"

"अहो, मला बघू द्याल का जरा?"

"आवाज वाढव मग."

"अजून वाढवू? पलीकडच्या गल्लीतल्यांना गोष्ट पाठ झाली. ते उद्या शेवट विचारायला येतील."

रेडिओने निष्कर्ष काढला की दोष टीव्हीचा आहे. टीव्ही पातळ, त्याचे स्पीकर मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. "भिंतीलाच ऐकवतो तो. भिंतीला कान असतात म्हणे, ऐकत असेल ती." बाहेरचे चांगले स्पीकर जोडले की एकेक शब्द नाण्यासारखा वाजेल, मग सिनेमा परत आपल्याला सांगता येईल, हे त्याने मनाशी धरले. त्याला काय हवे होते ते एवढेच. वहिनींनी काहीतरी चिरत बसावे, त्याने ओट्याला टेकावे आणि सांगावे.

डेपोतली नोकरी वर्ष पुरे व्हायच्या आत गेली. तो चाके धुवत बसला होता. मागून एक बस उलटी येत होती. चालकाने भोंगा वाजवला, पोरांनी आरडाओरडा केला, रेडिओ चाकच घासत राहिला. शेवटी कुणीतरी त्याला कॉलर धरून मागे ओढला. डेपोचा साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "काका, तुमच्यासारखं काम इथं कुणी करत नाही. पण तुमचं रक्त मला धुवायला लावू नका." आणि हिशेब करून पैसे हातात दिले.

रेडिओ मला म्हणाला, "इंजिनाच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार?"

आम्ही स्पीकर बघायला गेलो ते तेच पैसे घेऊन. त्यात भर पडण्याची आता शक्यता नव्हती.

दुकानात एक मुलगी होती, मालकाची पुतणी. तिने आधी विचारले, "खोली केवढी आहे? खाली कुणी राहतं का? सिनेमे जास्त बघता की गाणी?" मला बरे वाटले. कामाची माणसे आधी माप घेतात.

रेडिओने सांगितले, "सिनेमे. बोलणं स्पष्ट आलं पाहिजे."

"मग हा छोटा संच घ्या, काका. तुमच्या पैशांत बसतो. हा मधला आडवा डबा बघा, सगळं बोलणं ह्याच्यातून येतं. दोन बाजूचे दोन संगीताला. आणि हा खाली ठेवायचा, धमाक्यांचा, लहानच आहे. तुमच्या खोलीला पुरे."

तिने एक प्रसंग लावला. बाई आणि पुरुष खिडकीशी बोलत होते, कॅमेऱ्याकडे पाठ करून. मलाही कान फारसे राहिलेले नाहीत, भट्टी घणापासून लांब होती, ठोकळा देण्यापुरताच मी जवळ जायचो, म्हणून थोडे वाचले. तरी मला पुष्कळसे शब्द आले. रेडिओने पुढे होऊन मधल्या डब्यावर तळहात ठेवला. डोळे मिटले.

"हा मेलेला आहे," तो म्हणाला.

"काका, चालू आहे. बोलतायत ते."

"हाताला काहीच नाही."

"हातानं नाही ऐकायचं, काका," ती हसून म्हणाली. "कानानं ऐका."

तो तेवढ्याच किमतीच्या पुढच्या संचाकडे गेला. त्यातला धमाक्यांचा डबा गुडघ्याएवढा होता आणि मधला डबा नव्हताच. तिने तोच प्रसंग लावला, मग रेडिओने सांगितले म्हणून लढाईचा लावला. त्याने डब्यावर हात ठेवला आणि त्याचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी मी तो चेहरा बघत होतो. साचा घट्ट बसला की असा व्हायचा.

"ह्याच्यात दम आहे. हा घ्यायचा."

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, तुम्ही तरी सांगा. बोलणं ह्याच्यातून फार मागं पडतं. त्यांना बोलणं हवंय ना?"

मी रेडिओसमोर जाऊन उभा राहिलो. तोंडासमोर तोंड आणले आणि आवाज न काढता ओठ हलवले. "तुझे कान गेलेत. स्पीकर नको. कानाचं मशीन घे."

"माझे कान गेले?" तो मोठ्याने म्हणाला. "मग तू आत्ता बोललास ते मला कसं ऐकू आलं?"

मुलगी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिला कुणाचेच बोलणे ऐकू आले नव्हते.

मी परत ओठ हलवले. "मी आवाज काढलेला नाही."

त्याने माझ्या ओठांकडे निरखून बघितले. मला वाटले, पोचले. मग त्याने मान झटकली. "काहीतरीच. एवढं तर शॉपमध्येही कळायचं." आणि मुलीला म्हणाला, "बांधून दे, बाळ. तुझ्या मधल्या डब्यात जीव नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. पण तो घडा पालथा केला कुणी, हेही लक्षात ठेवायला हवे.

ते खोके आम्ही दोघांनी मिळून जिन्याने वर नेले. वायरी त्यानेच जोडल्या, भिंतीच्या कडेने, खिळे मारून, एकही वायर लोंबत ठेवली नाही. वहिनींनी पदराने हात पुसले आणि येऊन बसल्या. सिनेमा सुरू झाला. मांडणीतल्या कपबशा वाजायला लागल्या. खिडकीचे तावदान थरथरले. मग पडद्यावर दोन माणसे बोलायला लागली, एकमेकांकडे तोंड करून, अर्धी अंधारात.

रेडिओ पुढे वाकला. मग आणखी वाकला. रिमोट घेऊन आवाज वाढवला. खालच्या भाडेकरूने काठीने छत ठोकले. ते रेडिओच्या पायाच्या तळव्यांना कळले. "खालचा ठोकतोय," तो म्हणाला. खालचे कळले. समोरचे कळले नाही.

"काय म्हणाला तो?" त्याने वहिनींना विचारले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. त्या हळूच म्हणाल्या, "पोरीला विसरून जा म्हणाला."

"काय?"

त्यांनी त्याच्याकडे तोंड केले आणि परत सांगितले. रेडिओ त्यांच्या ओठांकडे बघत होता. मला वाटते, त्याला दुकानातले माझे ओठ त्या वेळी आठवले. तो पुढे काही विचारायचा थांबला.

मुलीच्या दुकानात मी दुसऱ्या दिवशी जाऊन आलो. उघडलेला खोका ते परत घेत नाहीत. तिचा काका बदलून द्यायलाही तयार नव्हता. ती म्हणाली, "आजोबा, मी सांगितलं होतं." सांगितले होते, खरे आहे.

वहिनी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतली शीर मेली आहे. ती ज्या आवाजांनी मरते त्यांचा हादरा तेवढा शेवटपर्यंत कळतो, बोलण्यातले बारीक आवाज आधी जातात. दोन्ही कानांत चांगले मशीन घातले तर समोरच्याचे थोडेफार कळेल, सिनेमाची खात्री नाही. मशीनची किंमत ऐकून वहिनी पर्स मिटून उठल्या. स्पीकर घेतले नसते तर निदान एका कानाचे झाले असते. घरी आल्यावर रेडिओ म्हणाला, "मशीनवरच तर जन्म गेला. आणि आता कानात मशीन."

पावसाळा सरल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. वहिनी आतल्या खोलीत होत्या, फोनला वायर लावून कानात घातलेली, आपल्यापुरता सिनेमा बघत होत्या. रेडिओ बाहेर टीव्हीपुढे. पडद्यावर माणसे बोलत होती आणि खोलीत आवाज नव्हता. फक्त मधूनमधून दणका बसायचा. मोठ्या डब्याखाली दुमडलेली गोधडी होती, खालच्या भाडेकरूसाठी. बाजूचे दोन डबे जागेवर नव्हते.

मी आत जाऊन वहिनींना विचारले, "ते दोन डबे?"

"मुलाकडे दिले," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे कामाला येतात. इथं नुसता गोंगाट व्हायचा, शेजारी भांडायला यायचे. डबे गेलेले दिसले, पण बोलण्याचा आवाजही त्यांच्याबरोबर गेला हे ह्यांना अजून कळलेलं नाही, भाऊजी. सांगू नका."

"आणि तुम्हाला सांगतो का तो सिनेमा? पूर्वीसारखा?"

"एकदा सांगितला," वहिनी म्हणाल्या. "सगळा चुकीचा होता. मी हो हो म्हटलं."

मी बाहेर येऊन रेडिओच्या समोर उभा राहिलो. त्याने मला बघितले आणि हात वर केला. दुसरा हात डब्यावर होता, पसरलेला, बोटांच्या चिरा अजून भरलेल्या नव्हत्या. पडद्यावर कुठेतरी काहीतरी कोसळले आणि तो हात किंचित हलला.

"बघ," तो म्हणाला. "दम आहे की नाही?"

मी ओठ हलवून हो म्हटले.

पहाटे चारला उठून, टपावर चढून, एकेक बस वरून खाली धुवून त्याने जे मिळवले, त्यात अखेर हेच आले. घणाचा ठोका त्याने विकत घेऊन घरी आणला होता.