माळ्यानं झाड कापलं का?

नवऱ्याला इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि आम्ही चाकण सोडून चेन्नईला आलो. तेव्हा आमची लेक तिसरी संपवून चौथीत जाणार होती. तिसरीपर्यंत ती मराठी शाळेत होती. इथे मराठी शाळा कुठून मिळणार? सरकारी नोकरदारांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात, त्यांची पुस्तकं देशभर एकच असतात. पण आमची नोकरी खाजगी. अंबत्तूरला घर घेतलं आणि तिथल्याच एका इंग्रजी शाळेत तिचं नाव घातलं. म्हणजे शिकणं इंग्रजीतून, सोबत तमिळ हा विषय सक्तीचा, आणि घरी मराठी.

मी पहिले काही महिने धास्तावलेलीच होते. पण लेक रडली नाही, शाळेला जायला कधी कुरकुरली नाही. तिचं अक्षर लहानपणापासून मोत्यासारखं. फळ्यावरचं हुबेहूब उतरवायची, घरी आल्यावर घोकायची, आणि परीक्षेत ते जसंच्या तसं लिहायची. पहिल्याच सहामाहीत तिला नव्वदीच्या घरातले गुण मिळाले. नवऱ्यानं गावाकडे सगळ्यांना फोन करून सांगितलं. मीही माझ्या ऑफिसात पेढे वाटले. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी हिशेबाचं काम बघते. तिथल्या तमिळ बायका मला म्हणाल्या, "तुझी मुलगी हुशार आहे. आमची इथली मुलंसुद्धा एवढे मार्क आणत नाहीत."

शाळा सुटल्यापासून मी घरी येईपर्यंत लेक शेजारी मामींकडे थांबायची. त्यांना अख्खी इमारत मामी म्हणत असे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. लेकीनं मात्र मामीआजी असं स्वतःचंच नाव तयार केलं. मामी तंजावरकडच्या मराठी घरातल्या. सरकारी प्राथमिक शाळेत तमिळ शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगी कोईमतूरला दिलेली, यजमान वारलेले, घरात एकट्याच. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आलं होतं आणि पाठोपाठ लाजही वाटली. शब्द आपले, पण फार जुने, आणि चाल तमिळची. "मज ठाऊक नाही" म्हणायच्या. "तुज काय पाहिजे, कण्णा?" असं लेकीला विचारायच्या. कण्णा म्हणजे बाळा, सोन्या. आमच्या घरात तो शब्द आता कायमचा राहायला आला आहे.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून परस्पर त्यांच्याकडेच गेले. मामी तांदूळ निवडत होत्या आणि लेक त्यांना इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचून दाखवत होती. शाळेच्या आवारात एका रोपट्यावर शिंपी पक्ष्यानं पानं शिवून घरटं केलंय, माळी ते रोपटं कापायला येतो, मुलं त्याला अडवतात, असा काहीसा तो धडा. लेक कुठेही न अडखळता झरझर वाचत होती. मी दारातच उभी राहून कौतुकानं ऐकत राहिले.

धडा संपला तसं मामींनी विचारलं, "सरि, बरं. मग त्या माळ्यानं झाड कापलं कीं नाही?"

लेक म्हणाली, "माहीत नाही."

"आत्ताच तर वाचलंस."

"वाचलं ना. पण काय झालं ते मला नाही माहीत."

मामींचा तांदळातला हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन लेकीच्या शेजारी बसले आणि एकेका ओळीचा अर्थ विचारू लागले. तिला 'बर्ड' माहीत होतं, 'ट्री' माहीत होतं. बाकी सगळं वाक्य तिच्यासाठी नुसता आवाज होता. कुठे थांबायचं, कुठे सूर चढवायचा, हे तिनं बाईंचं ऐकून पाठ केलं होतं. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरंसुद्धा तिला येत होती. प्रश्नातला पहिला शब्द दिसला की कोणतं उत्तर लिहायचं, हे तिनं डोळ्यांनी ओळखून ठेवलं होतं. इतर विषयांचंही तेच.

"तू बाईंना सांगितलं का नाहीस, कळत नाही म्हणून?" मी विचारलं.

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण सगळ्यांचं असंच असतं ना, आई?"

मला रडू आवरेना. मामींनी उठून मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "रडूं नको. पोर शहाणी आहे. जिथं अर्थ मिळत नाही तिथं तिनं आवाज जपून ठेवला. आतां अर्थ आपण देऊं."

दुसऱ्या दिवसापासून मामींनी स्वतःची पद्धत सुरू केली. पुस्तक मिटून बाजूला ठेवायचं. धड्यातली गोष्ट आधी त्या मराठीत सांगणार, मग लेकीनं ती आपल्या शब्दांत सांगायची. त्यानंतर तमिळमध्ये, मोडक्यातोडक्या का होईना. आणि सगळ्यात शेवटी पुस्तक उघडायचं. शिंपी पक्ष्याच्या गोष्टीला त्यांनी आठवडा लावला. लेकीनं तर त्यात भरच घातली. आई पक्षी चारा आणायला गेलीये, ती परत येईल आणि घर सापडणार नाही, मग ती शाळेच्या खिडकीवर चोच मारेल. मामी विचारत, "मग?" आणि ही पुढे रचत जाई.

बदल्यात लेकीनं मामींना वाचायला शिकवलं. हे कसं सुरू झालं ते मला नक्की आठवत नाही. माझी आई गावाहून गोडा मसाला पाठवायची. त्याचं पाकीट हातात घेऊन मामी म्हणाल्या की यावरचं मज वाचतां येत नाही. लेकीला ते खरंच वाटेना. इतकं मराठी बोलणाऱ्या माणसाला मराठी वाचता येत नाही? मामींनी तिला सांगितलं, त्यांच्या घरातले जुने पुरुष मोडी लिहीत, पण बायकांना कुणी शिकवलं नाही. शाळा तमिळ. "आपली भाषा नुसती बोलायाची, तिज अक्षरं नसतात, असंच मज लहानपणीं वाटे," त्या म्हणाल्या. मग लेकीनं पाटी आणली आणि 'क' काढला. काही महिन्यांनी एका संध्याकाळी मामी आमच्या दाराशी पाकीट घेऊन आल्या आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी वाचलं, "कोरड्या जागी ठेवा." आयुष्यात वाचलेलं हे त्यांचं पहिलं मराठी वाक्य. लेक त्यांच्या मागे उभी राहून एखाद्या मास्तरणीसारखी मान हलवत होती.

वार्षिक परीक्षा झाली. लेकीचे गुण धाडकन खाली आले. नवरा हातात पेपर घेऊन सुन्न बसला होता.

"आधी नव्वद होते," तो म्हणाला. "आता तिला कळायला लागलंय म्हणता, मग हे काय?"

मी पेपर पाहिला. मुलांनी माळ्याला का अडवलं, या प्रश्नाचं छापील उत्तर होतं की त्या झाडावर घरटं होतं. लेकीनं स्वतःच्या वाकड्यातिकड्या इंग्रजीत लिहिलं होतं की आई परत येईल आणि तिला तिचं घर सापडणार नाही. त्यावर लाल फुली होती. तिनं आयुष्यात स्वतः जुळवलेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य.

मी रजा टाकून शाळेत गेले. वर्गशिक्षिका म्हणजे कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगीच होती. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण तिच्या टेबलावरचा वह्यांचा ढीग बघून माझा आवाज आपोआप उतरला. तिनं पेपर वाचला, पुन्हा वाचला.

"उत्तर सुंदर आहे," ती म्हणाली. "पण पेपर आम्ही वर्ग बदलून तपासतो. तपासणाऱ्याच्या हातात छापील उत्तरं असतात. जुळलं तर गुण, नाही तर नाही."

"पण तिला समजलंय," मी म्हटलं. "आधी तर काहीच समजत नव्हतं, तेव्हा तुम्ही नव्वद दिले."

तिनं पेपर मला परत दिला. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मला पोर्शन संपवायचा असतो. तो संपला का, एवढंच मला वर विचारतात. मुलांना कळलं का, हे अजून मला कुणी विचारलेलं नाही. मी स्वतःही असंच पाठ करून इथवर आले." इथे अभ्यासक्रमाला सगळे पोर्शनच म्हणतात.

त्या मुलीवर मला रागावता आलं नाही. निघताना तिनं विचारलं, "ही आई पक्ष्याची गोष्ट तिला कुणी सांगितली?" मी मामींबद्दल सांगितलं. पुढच्या वर्षी तीच बाई लेकीच्या वर्गाबरोबर पाचवीला आली, आणि तिनं जमेल तेवढं केलं. गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट नेहमी कुलूपबंद असे आणि वाचनाच्या तासाला गणित उरकलं जाई. ती ते कपाट उघडू लागली. मुलांना आपापल्या भाषेत गोष्ट सांगायला लावू लागली. वर्गात तेलुगू होती, हिंदी होती, एक मुलगा ओडियात सांगायचा, असं लेक घरी येऊन सांगे. त्या वर्षाअखेर ती दुसऱ्या गावच्या शाळेत गेली आणि कपाटाला पुन्हा कुलूप लागलं, हेही सांगायला हवं.

नवऱ्याचं मन मात्र वेगळ्याच वाटेनं पालटलं. कारखान्यात नव्यानं लागलेल्या पोरांना तो काम समजावून देतो. सगळे पदविकाधारक, चांगल्या गुणांचे, देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेले. एकदा त्यानं तपासणीत नापास झालेला एक भाग त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारलं, हा का टाकून दिला असेल? एकानं पुस्तकातली व्याख्या म्हटली, दुसऱ्यानंही तीच म्हटली. तो भाग हातात घेऊन मात्र कुणी पाहिला नाही. चुकू या भीतीनं त्यांचे हात मागेच राहिले. घरी येऊन त्यानं मला हे सांगितलं. मग लेकीला जवळ घेऊन म्हणाला, "ती पक्ष्याची गोष्ट मला सांग की. मला नाही सांगितलीस अजून."

तिनं सांगितली. सगळी, खिडकीवरच्या चोचीसकट.

आता ती आठवीत आहे. गुण बरे असतात, नव्वद क्वचितच. परीक्षेपुरतं छापील उत्तर कसं लिहायचं, तेही ती शिकली आहे. ते शिकावं लागलं याचं मला वाईट वाटतं, पण उत्तर लिहिणं आणि समजणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तिला ठाऊक आहे. मामींच्या घरी आता इमारतीतली आणखी मुलं जमतात. रविवारी नवराही जाऊन बसतो. मामी त्याला भिंतीशी, मागे बसवतात.

मागच्या रविवारी तिथं इतका आरडाओरडा झाला की खालचा वॉचमन धावत वर आला. एका गोष्टीतल्या राजानं धाकट्या मुलाला राज्य द्यावं की नाही, यावरून दोन तट पडले होते. आमचे हे तावातावानं हातवारे करत होते, लेक त्यांच्या विरुद्ध बाजूला. वॉचमननं घाबरून तमिळमध्ये विचारलं, काय झालं, कसलं भांडण?

मामी जागच्या हलल्या नाहीत. त्याला तमिळमध्येच म्हणाल्या, "भांडण कुठलं? धडा चाललाय. बैस, तूंही ऐक."

तो चप्पल काढून दारात बसला.