मला निस्तं ऐकायचं हाय

कुणी त्याला कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड सांगायला लागलं, की तो दोन्ही कानांत बोटं घालायचा. "आवं, नका सांगू. मला निस्तं ऐकायचं हाय."

शिरवळला आमच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात तो नेटवर्क सांभाळायचा. मी शिफ्टचा सुपरवायझर. तो म्हसवडकडचा गडी, त्याचे आजोबा मेंढरांमागं फिरलेले. नेटवर्क चालवणाऱ्या आमच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड मॉनिटरच्या पाठीला चिठ्ठीवर चिकटवलेला, सगळ्यांना पाठ. तो एकटाच चिठ्ठीकडे बघायचा नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो. मीही हसायचो. आता त्याची आठवण आली की आधी राग येतो.

त्या वर्षी भरायची लाइन मध्येच बंद पडू लागली. मॅनेजर साहेबांनी लाइन चालवणाऱ्या ऑपरेटर बाईंवर ढकललं. म्हणे, झोपतात. बाईंना घरी बसवलं.

हा उसळला. "बाई झोपत न्हाईत. मशीनचा निरोप वाटंतच हरवतोय. तारेतनं काय जातंय ते निस्तं ऐकू द्या, पकडून बघू द्या."

"मग बघ की. पासवर्ड आहे ना?"

"त्यो नको, साहेब. त्यानं सगळंच मोडता येतंय. निरोप पकडणाऱ्या त्या एका प्रोग्रामला तेवढीच परवानगी द्या. त्यो कुणी चालवायचा त्याचा गट करा, गटात माझं नाव घाला. बास."

दोन-तीन कमांडचं काम. साहेबांनी तीन आठवडे लावले. तीन आठवडे बाई घरी! मी चिडून म्हणालो, "अरे, वाच की ती चिठ्ठी!"

"अन् उद्या कायतरी बिघडलं तर? म्या न्हाई केलं, हे कशावरनं दाखवू?"

शेवटी परवानगी आली. त्याच दुपारी त्यानं मला हाक मारली. "ह्ये बगा." स्क्रीनवर दोन यंत्रं नेटवर्कवरचा आपला पत्ता म्हणून एकच पत्ता सांगत होती. एक आमच्या लाइनचं. दुसरा, साहेबांनी स्वतः केबिनबाहेर बसवलेला नवा कॅमेरा. कॅमेऱ्यानं पत्ता सांगितला की लाइनचे निरोप त्याच्याकडे जायचे आणि लाइन बंद पडायची. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

हे सगळ्यांसमोर मांडायला त्यानं मीटिंग मागितली. मीटिंगच्या सकाळी पकडलेल्या निरोपांची फाइल त्याच्या फोल्डरमधून गायब होती. कॅमेऱ्याचा पत्ताही बदललेला. त्याच्या फोल्डरला हात लावायचा तर मुख्य पासवर्ड लागतो, आणि तो सगळ्यांकडे. नाव कुणाचं घेणार?

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हा कंपनीचं चोरून ऐकतो."

"परवानगी तुमीच दिली."

"मशीनसाठी दिली. माझ्या कॅमेऱ्यासाठी नाही."

त्यानं माझ्याकडे हात केला. "ह्यांनी बघितलंय."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मला त्यातलं काही कळत नाही."

साहेबांचा राग करणं सोपं आहे. ते वाक्य माझं होतं.

तो साहेबांकडे वळला. मग म्हणाला, "मला काढा. पर बाईंना बोलवा."

त्याला काढलं. बाईंना कुणी बोलावलं नाही. लाइन पुन्हा पडली नाही, आणि साहेब सांगत सुटले, नवा ऑपरेटर चांगला मिळाला.

मी त्याला हायवेवर गाठलं. "गड्या, माझी नोकरी होती रं..."

"व्हय," तो म्हणाला. "बाईंचीबी व्हती."

साताऱ्याची एसटी आली. तो चढला, पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसला.