न वाचलेल्या पत्राखालची सही

सक्करदऱ्याच्या उन्नतीला विसरणं जमत नाही. नवव्या वर्गात असताना घरमालकिणीनं तिच्यावर पितळी तांब्या चोरल्याचा आळ घेतला होता. तांब्या मालकिणीच्याच माळ्यावर सापडला, पण माफी काही मिळाली नाही. वर्षभरानं मालकिणीकडे मुलगी पाहायला पाहुणे आले, तर ही बरोबर पाण्याचा ट्रे घेऊन हजर. म्हणाली, "काकू, तांबे मोजून घ्या, मी आली आहे."

आई, शोभाताई, तेव्हापासून म्हणते, "या पोट्टीचा राग मुरब्ब्यासारखा आहे बाप्पा. जितका जुना, तितका मुरते."

बाप हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर. उन्नतीनं एम.एस्सी. केलं आणि अडीच वर्षं तलावातल्या गोगलगायी मोजल्या. गुडघाभर चिखलात, पायाला जळवा लागलेल्या. पाणी किती सडलं हे गोगलगायी सांगतात, एवढा तिचा मुद्दा. मार्गदर्शक होते कृष्णकांत सर. या कामावरचा शोधनिबंध छापून आला तो सरांच्या आणि त्यांच्या मुलाच्या, अपूर्वच्या नावानं. शेवटी बारीक अक्षरात 'नमुने गोळा करण्यास मदत' म्हणून उन्नतीचे आभार.

ती विचारायला गेली. "सर, अपूर्व तर एकदाबी तलावावर आला नाही."

"अगं, शोधनिबंधाला भाषा लागते. तुझ्या मले-तुलेत लिहिला असता तर कोणी छापला असता? आभार मानलेत ना!"

उन्नती "हाव सर" म्हणाली आणि निघून आली. घरी हे ऐकताच शोभाताईला कळलं, आता काही खरं नाही.

पुढच्या वर्षी विलायतेतल्या एका मोठ्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती निघाली. पूर्ण खर्च, चार वर्षं, जागा एकच. अर्ज अपूर्वनं केला, तोच निबंध लावून. उन्नतीनंही केला. तिला मार्गदर्शकाचं शिफारसपत्र लागत होतं, आणि कृष्णकांत सरांची पद्धत अख्ख्या विभागाला पाठ होती: पत्र पोरांनीच लिहून आणायचं, सर सही करतात. वाचत नाहीत. वेळ कुणाला आहे?

उन्नतीनं चार रात्री बसून पत्र लिहिलं. तिसऱ्या परिच्छेदात असं होतं: 'गोगलगायींवरचं सगळं काम उन्नतीनं एकटीनं केलं. माझा मुलगा अपूर्व एकदाही तलावावर गेला नाही. निबंधावर तिचं नाव नाही, हा माझा अन्याय आहे.' एक शब्द खोटा नव्हता. फक्त ते सरांच्या तोंडून होतं.

सरांनी फोनवर बोलता बोलता सही केली. वर म्हणाले, "स्कॅन करून तूच टाक गं, मला त्यांची लिंक आली आहे तिच्यावरून. आणि फार आशा ठेवू नकोस. तिथं बोलता आलं पाहिजे."

महिन्यानं निवड समितीनं सरांशी व्हिडिओवर बोलायचं ठरवलं. लॅपटॉप लावून द्यायला सरांनी नेहमीसारखं उन्नतीलाच बोलावलं. पडद्यावरच्या बाईनं तिसरा परिच्छेद वाचून दाखवला आणि विचारलं, "हे पत्र तुमचंच ना?"

सरांचा चेहरा पिठासारखा झाला. त्यांनी घाईघाईनं आवाज बंद केला, कॅमेरा झाकला.

"तू... मी सांगेन, हे माझं नाही. तुझी शिष्यवृत्ती गेलीच समज!"

हीच भीती उन्नतीला महिनाभर खात होती. सर नाही म्हणाले की सगळं संपलं.

"सांगा ना सर. मंग ते इचारतील, न वाचता किती पत्रांवर सह्या केल्या. तुमच्या सहीवर छत्तीस पोट्टे बाहेर गेले. त्या प्रत्येकाच्या विद्यापीठात तुमचं नाव जाईन. मी बुडतो, पण एकटी नाही बुडत."

"काय वाईट केलं मी तुझं?"

"ते तिसऱ्या परिच्छेदात आहे सर. आता तरी वाचा."

बाई तिकडून "हॅलो, हॅलो" करत होती. सरांनी कॅमेऱ्यावरचा हात काढला, आवाज सुरू केला आणि मान खाली घालून म्हणाले, "माझंच आहे. प्रत्येक शब्द माझा."

बोलणं संपल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला. मग हळूच म्हणाले, "अपूर्वचं काय होईल गं आता?"

"त्याले तलाव दाखवा सर. घरून जवळच आहे."

अपूर्वचा अर्ज बाद झाला. एप्रिलमध्ये उन्नतीची निवड कळली तेव्हा शोभाताई दारात बसून रडली. उन्नती मात्र अर्धा किलो पेढे घेऊन तडक सरांच्या घरी निघाली.

"काहून जातं वं? झालं ना मनासारखं? सोड आता."

"आशीर्वाद घ्यायले जातो, आई."

दार सरांनीच उघडलं. उन्नती वाकून पाया पडली, डबा पुढे धरला. सरांनी पेढा घेतला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

"खा ना सर. ताजा आहे."

सर पेढा पूर्ण गिळेपर्यंत तिनं पायरी सोडली नाही.