उलटे शुभेच्छुक

पिंपरीतल्या त्या फ्लेक्सच्या दुकानात मी आधी फक्त झाडलोट करायचे आणि छापलेले बॅनर गुंडाळून ठेवायचे. आठवीत शाळा सुटलेली, लग्न होऊन लातूरकडून इतक्या लांब आलेली. कॉम्प्युटरला हात लावायची हिंमत मला तिथल्या डिझायनर ताईंनी दिली. जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळीचा घास धरून त्या शिकवायच्या. त्यांना दिवस गेले होते; सातवा महिना लागला तेव्हा त्या मालकांना म्हणाल्या, "माझ्या जागी हिलाच बसवा."

मालक म्हणाले, "एक काम एकटीनं करून दाखवू दे. नाही जमलं तर कोर्स केलेला कुणीतरी बघतो."

ते काम म्हणजे चाकणच्या एका कंपनीतल्या फिटर काकांच्या रिटायरमेंटचा बॅनर. पहिली शिफ्ट सुटल्यावर त्यांच्यासोबत काम करणारे चौघं तसेच युनिफॉर्मवर आले आणि माझ्या मागं स्टुलं ओढून बसले.

"शुभेच्छुकांची रांग नको ताई," एक जण म्हणाला. "पहिला कोण यावरून मागच्या वेळी दोघं महिनाभर बोलत नव्हते. मधे काका, भोवती गिअर, आणि गिअरच्या आत गोलात आम्ही बारा जण."

मी गिअरचा एक दात काढला. आकार फिरवायला गेलं की तो स्वतःभोवतीच फिरतो. त्याच्या मधोमध एक बारीक फुली असते, ती उचलून मोठ्या गोलाच्या मध्यावर न्यावी लागते. मग एक प्रत फिरवायची आणि तेच परत परत करायला सांगायचं. दातामागून दात येत गेला. शेवटच्या आणि पहिल्या दातातली फटसुद्धा बाकीच्यांएवढीच आली. मागून कुणीतरी "वा राव" म्हणालं.

त्या भरात मी फोटोंनाही तसंच गोल फिरवलं. पहिला वर, पुढचा तीस अंशांवर, त्यापुढचा साठवर. ते आडवे व्हायला लागले तेव्हाच थांबायचं, पण हात चालतच राहिला. खाली आलेले तर डोक्यावर उभे.

"भावा, तुझं वटवाघूळ झालं."

"नाईटला तो असाच असतो."

सगळे हसत होते. मालक दारात येऊन उभे राहिले होते. शेजारी बसलेल्या ताईंचा हात माउसकडे आला, अर्ध्यात थांबला, आणि त्यांनी तो ओढणीखाली घेतला.

मी फुलीकडे बघत बसले. मग ती मध्यावरून उचलून एका फोटोच्या स्वतःच्या मध्यावर आणली. जो जेवढा पुढं फिरला होता, त्याला तेवढंच जागच्या जागी मागं फिरवलं. माना सरळ होत गेल्या आणि गोलातली जागाही कुणाची सुटली नाही.

अगदी खालचा एकच राहिला. त्या फोटोतला माणूस माझ्या मागंच बसला होता.

"मला राहू द्या ताई असाच," तो म्हणाला. "नवा असताना मी मशीनमधलं तेल अडवणारं ऑइल सील उलटं बसवलं होतं. काकांनी सुपरवायझर यायच्या आत ते गपचूप काढून सरळ बसवून दिलं, नाहीतर तेव्हाच घरी गेलो असतो. बघितलं की ते ओळखतील."

मी मालकांकडे बघितलं.

"गिऱ्हाईक म्हणतंय तर राहू दे," ते म्हणाले. मग ताईंकडे वळून, "हिला कॉम्प्युटरचा पासवर्ड सांगून ठेवा."

"तिला पाठ आहे," ताई म्हणाल्या.

मी फाइल सेव्ह केली. मग परत एकदा केली.